रविवारचे पाच तास की रोजची चाळीस मिनिटं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमचं वय ३१. घर ठाण्यात घोडबंदर रोडला, कावेसरला. नोकरी नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत, अकाउंट्स खात्यात. मराठी टायपिंगची ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा कॉलेजात असतानाच पास झालात. आता मराठी लघुलेखन, म्हणजे शॉर्टहँड (बोललेलं खुणांच्या रेघांनी झटपट लिहून घेणं), शिकून सरकारी भरतीत उतरायचं आहे. मुलगी दुसरीत, तिची शाळा दुपारची, तेव्हा सकाळचं तिचं सासूबाई बघतात. तुम्ही पावणेआठला घर सोडता आणि परत यायला साडेसात होतात, कधी आठ. वेळापत्रक तयार आहे: सोमवार ते शनिवार पहाटे साडेचार ते सहा, आठवड्यातून तीन रात्री साडेनऊ ते साडेदहा, आणि रविवारी सलग पाच तास. हे निभेल का, किती महिने लागतील, आणि कुठलंही कौशल्य यायला दहा हजार तास लागतात हे खरं का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी नौपाड्यात टायपिंग आणि शॉर्टहँड शिकवते. माझ्याकडे कॉलेजची मुलं असतात, पण नोकरी सांभाळून येणारेच जास्त. त्यामुळे अशी वेळापत्रकं मी भरपूर पाहिली आहेत. बहुतेक रंगीत पेनांनी लिहिलेली असतात आणि फ्रीजवर लावलेली असतात.

दहा हजार तासांचं आधी उरकून टाकू. तो आकडा १९९३ मधल्या एका अभ्यासातून आला. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा रियाझ मोजला होता. त्यांतल्या सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. ती मुलं पुढे आंतरराष्ट्रीय दर्जाचे एकल वादक होतील अशी त्यांच्या शिक्षकांची अपेक्षा होती. तुम्हाला मिनिटाला ८० शब्द घ्यायचे आहेत. तो आकडा डोक्यातून काढून टाका.

आता वेळापत्रक. तुमच्या हिशेबाने आठवड्याला सतरा तास होतात. माझ्या मते ते तिसरा आठवडा बघणार नाही. त्यात तुमच्या जिद्दीचा काही दोष नाही, ते बेतलंच आहे चांगल्या दिवसावर. ज्या दिवशी कापूरबावडीला बस अडकत नाही, मुलीला ताप नसतो, साहेब सहा वाजता नवीन फाइल पाठवत नाहीत, त्या दिवसाचं ते वेळापत्रक आहे. असे दिवस महिन्यात किती येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वेळ ठरवायची असेल तर आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांपुढे घ्या आणि त्या दिवशी काय होऊ शकतं तेवढंच कागदावर लिहा. तुमच्या बाबतीत ते साधारण चाळीस मिनिटं निघतं. ती रोजची. रविवारी पाच तास नकोत, अर्धा तास पुरे.

सतरा तासांवरून मी तुम्हाला साडेचार तासांवर आणलं. यात शिकणं चौपट लांबेल असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही, आणि याचा पुरावा आमच्याच धंद्यातला आहे.

ब्रिटनच्या टपाल खात्यात पत्रांची छाननी यंत्रावर आणायची होती, त्यासाठी पोस्टमनना कीबोर्ड शिकवायचा होता. अॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट पाडले. एका गटाला दिवसातून एकदाच एक तास शिकवणी. दुसऱ्याला एकेक तास दोनदा. तिसऱ्याला एकदाच पण सलग दोन तास. चौथ्याला दोन-दोन तास दोनदा, म्हणजे दिवसाला चार तास. १९७८ मध्ये निष्कर्ष छापून आले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास सर्वांत कमी लागले. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा चार तासवाल्यांचा हात सर्वांत जास्त घसरला होता.

मला त्यातली खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या पोस्टमनना विचारलं, की तुम्ही शिकवणीवर खूश आहात का. सर्वांत नाखूश होते ते हेच रोज एक तासवाले! कारण उघड आहे. कॅलेंडरच्या हिशेबाने ते मागे होते. चार तासवाले सहकारी काही आठवड्यांत मोकळे झाले आणि हे अजून तिथेच बसलेले. त्यांचा प्रत्येक तास जास्त कामी येत होता, पण ते त्यांना आतून जाणवत नव्हतं.

हे वर्गात मी कायम बघते. रविवारी चार तास बसून आलेला मुलगा सोमवारी छाती फुगवून येतो. हात दुखतोय म्हणतो, भरलेली वही त्याची मेहनत दाखवते. गुरुवारी तीच वही उघडून त्याला त्याची स्वतःची अक्षरं वाचायला लावली की अडखळतो. रोज थोडं करणारी मुलगी मात्र "मॅडम, माझं काहीच होत नाहीये" म्हणत येते आणि वाचून दाखवते सगळं. तुम्हाला पहिले दोन महिने काहीच होत नाहीये असंच वाटणार आहे. ते आधीच सांगून ठेवते. तसं वाटायला लागलं की वेळापत्रकात तास वाढवायला जाऊ नका.

एक अपवाद. परीक्षा किंवा कौशल्य चाचणी दीड-दोन महिन्यांवर आली, की एकूण दिवसच कमी उरतात, मग दिवसाला दोनदा बसावंच लागतं. तेव्हाही सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सलग दोन तास शॉर्टहँड लिहिलं की शेवटच्या अर्ध्या तासात हलकी आणि गडद रेघ सारखीच यायला लागते. प आणि ब यांतला फरकच मुळी रेघेच्या जाडीचा, तोच गेला तर लिहिलेलं वाचणार काय? दमलेल्या हाताने चुकीची रेघ पन्नासदा काढली की पन्नासदा चुकीचाच सराव होतो.

आता ही चाळीस मिनिटं कुठून आणायची. पहाटे साडेचार मी ठामपणे खोडते. तुमच्या घरात दिवे अकराला मालवतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे साडेपाच तासांची झोप. शॉर्टहँड हे अर्धं बोटांचं काम आहे, आणि बोटांनी दिवसा गिरवलेलं झोपेत पक्कं होतं, असं अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. शिकण्यासाठी झोप कापायची म्हणजे शिकलेलं मुरायचा वेळच कापायचा. रात्री साडेनऊला झोपण्याचा रिवाज असलेल्या घरात पहाट उत्तम, माझ्याकडे तसे दोन-चार जण होऊनही गेले. तुमचं घर तसं नाही.

रात्रही नको. घोडबंदर रोडने संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाने संध्याकाळवर काहीही बेतू नये. मानपाड्याला एखादा ट्रक बंद पडला की तुमचे साडेसात सव्वाआठवर जातात, त्यानंतर जेवण, मुलीचा गृहपाठ, उद्याच्या डब्याची तयारी. साडेनऊला वही उघडाल खरी, पण डोकं अजून बसमध्येच असेल.

उरते सकाळ, आणि तिचा उपाय तुमच्या रस्त्यातच आहे. पावणेआठऐवजी सात-सव्वासातला घर सोडा. कावेसरहून ठाणे स्टेशनची टीएमटी बस त्या वेळेला बरीच मोकळी धावते. आठनंतर शाळेच्या बस आणि ऑफिसच्या गाड्या एकत्र आल्या की तेच अंतर पुढे सरकत नाही. घोडबंदर रोडवरून माझ्याकडे येणारे सगळे हेच सांगतात, की अर्धा तास आधी निघालं तर पाऊण तास आधी पोचतो. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल, कोपरखैरणेला उतरून रिक्षा किंवा एनएमएमटीची बस. ऑफिस साडेनऊचं असेल तर साडेआठच्या आसपास तुम्ही तिथे असाल. कॅन्टीन उघडलेलं असतं, कोपऱ्यातलं टेबल धरा. अजून कुणी आलेलं नसतं, घरचं कुणी हाक मारत नाही, साहेबही नाहीत. ही चाळीस मिनिटं कुणाकडून मागून घ्यावी लागत नाहीत.

सासूबाईंना अर्धा तास आधीपासून मुलीकडे बघावं लागेल, ते त्यांना स्पष्ट विचारा. "जमलं तर" असं म्हणू नका, किती महिने आणि कशासाठी ते सांगा. इथे थोडं परखड बोलते. माझ्याकडे येणारा पुरुष "वेळ नाही" म्हणतो तेव्हा त्याला ऑफिसातून उशीर होतो इतकंच म्हणायचं असतं. बाई म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात दूधवाल्याच्या पैशांपासून नणंदेच्या बाळाच्या बारशापर्यंत सगळं असतं. तुमच्या वेळापत्रकात अभ्यासाच्या वेळा नीट लिहिल्यात, पण त्या बदल्यात कोणतं काम सोडणार ते कुठेच नाही. तेही लिहा. सकाळी दोन भाज्या होत असतील तर एक करा. मुलीचा गृहपाठ आठवड्यातले तीन दिवस तिच्या वडिलांकडे द्या, आणि दिल्यावर "नीट घेतला का" म्हणून वही तपासायला जाऊ नका. जोवर कुठलं तरी काम दुसऱ्याच्या हातात जात नाही तोवर नवीन वेळापत्रकाची भरपाई शेवटी तुमच्या झोपेतूनच होणार.

त्या चाळीस मिनिटांत काय करायचं, हे खरं तर कुठून आणायची यापेक्षा महत्त्वाचं. तयारी आदल्या रात्रीच. दोन पेन्सिली टोक करून, वहीत समास पाडून, दुसऱ्या दिवशीचं डिक्टेशन मोबाईलवर शोधून ठेवायचं, नेट लागू नये म्हणून डाउनलोड करून. याला पाच मिनिटं लागतात. हे न केलेला विद्यार्थी कॅन्टीनमध्ये बसल्यावर आधी शार्पनर शोधतो, मग ऑडिओ शोधतो, ऑडिओ शोधता शोधता व्हॉट्सॲप उघडतो, आणि चाळीसची वीस होतात.

बसल्यावर पहिलं काम म्हणजे कालचं लिहिलेलं वाचायचं. नवीन काही नाही. काल काढलेल्या रेघा आज कोऱ्या डोळ्यांनी मोठ्याने, कॅन्टीनमध्ये असाल तर ओठांतल्या ओठांत, वाचायच्या. जिथे अडखळाल तिथे लाल गोल. यात पाच-सात मिनिटं जातात आणि सगळ्यांना याचाच कंटाळा येतो. पण लिहून लगेच वाचलं की आपण रेघ वाचत नसतो, नुकतं ऐकलेलं वाक्य आठवत असतो. रात्र उलटल्यावर वाक्य विसरलेलं असतं, तेव्हा रेघच काय ती बोलते. कौशल्य चाचणीतही तुम्हाला असंच, ताणात आणि ऐकलेलं पुसट झाल्यावर, लिप्यंतर करायचं आहे.

मग लाल गोल केलेले शब्द. समजा, "त्यानुसार" चुकलं. ते पंधरा-वीस वेळा काढायचं, पण एका ओळीत सलग नको. चुकलेले चार शब्द घ्या आणि फिरवून फिरवून काढा: एकदा "त्यानुसार", एकदा "अंमलबजावणी", एकदा "तरतूद", पुन्हा पहिला. एकच शब्द सलग वीसदा काढला की पाचव्यानंतर हात चालतो आणि डोकं थांबतं. आलटून-पालटून काढलं की प्रत्येक वेळी आठवावं लागतं. वेग जरा मंद वाटेल, वाटू दे.

नंतर नवीन धडा, दहा-बारा मिनिटांपुरताच. आणि शेवटी डिक्टेशन, तीन मिनिटांचा एकच उतारा. तो दोनदा घ्यायचा, दुसऱ्यांदा घेताना पहिला कागद उलटा ठेवून. त्यातला एक परिच्छेद मराठीत उतरवून काढायचा. सगळा उतारा उतरवत बसू नका, त्यात निम्मा वेळ जातो. उरलेला रविवारी संगणकावर टाइप करा, म्हणजे ३० ची टायपिंगची सवयही मोडणार नाही. लघुलेखकाच्या पदाला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतंच.

रविवारचा अर्धा तास एवढ्यासाठीच: आठवड्याचे लाल गोल मोजणं आणि टायपिंग. रविवारी नवीन धडा घ्यायचा नाही. पाहुणे आले तर रविवार गेला असं होऊ नये.

प्रवासाचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ट्रान्स हार्बर ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मला एक गाडी सोडली तर पुढच्या गाडीत बसायला मिळतं. गाडीत लिहू नका. रुळांच्या हादऱ्यांनी रेघ थरथरते आणि हाताला ती थरथरच लागते. ऐका. कानात डिक्टेशन लावा, ६० च्या वेगाचं, आणि पर्सवर किंवा तळहातावर उजव्या हाताच्या तर्जनीने आउटलाइन, म्हणजे शब्दाची रेघांची आकृती, काढत जा. समोरच्या बायका बघतात, बघू द्या. "अध्यक्ष महोदय" ऐकताच बोट आपोआप एका झटक्यात फिरलं तर तो वाक्यांश (एका दमात जोडून लिहायचा शब्दांचा तुकडा) तुमचा झाला, दोन तुकड्यांत फिरलं तर अजून नाही. ठाणे ते कोपरखैरणे पंधरा-वीस मिनिटांत हा सराव छान होतो. परतीच्या प्रवासात काही करू नका. खिडकीतून बाहेर बघा, झोप लागली तर झोपा. दिवसातली प्रत्येक फट भरायची नसते. भरणारी माणसं दीड महिन्यात शॉर्टहँडचंच नाव नको म्हणतात.

यूट्यूबवर शिकवणीचे व्हिडिओ बघणं सरावात धरू नका. बघताना सगळं कळतं, हात मात्र तिथेच राहतो. नवीन नियम समजला नाही तर एकदा बघा आणि बंद करा.

आता तुमच्या खात्याकडे येते, कारण तुमच्या महिन्याचा आकार त्यावर ठरतो. अकाउंट्सवाल्यांचा महिना सपाट नसतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. त्याच्या आधीचे एक-दोन दिवस कॅन्टीनमधली चाळीस मिनिटंसुद्धा ऑफिस खाऊन टाकतं. वर मार्च आहेच. म्हणून कॅलेंडरवर या तारखांच्या आदल्या दिवसांना आत्ताच खूण करा आणि त्या दिवसांचं काम दहा मिनिटांवर आणा: कालचं वाचन आणि चार चुकलेले शब्द, बस्स. नवीन धडा नाही, डिक्टेशन नाही. मार्चचा दुसरा पंधरवडा सगळाच असा. गणपतीचे दिवस आणि मुलीच्या परीक्षेचा आठवडाही. याला सुट्टी म्हणायचं नाही, दिवसाची वेळ आणि जागा तीच ठेवायची, फक्त काम कमी. दहा मिनिटांनी काय होणार असं वाटेल. वेग वाढणार नाही हे खरंच, पण चार दिवसांनी वही उघडताना जो एक जडपणा येतो, तो येत नाही. माझ्याकडून सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकजण अवघड धड्याला सोडून गेले नाहीत. गणपतीनंतर किंवा दिवाळीनंतर परत आलेच नाहीत.

आणि एखादा दिवस पूर्ण बुडाला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. २१ दिवसांत सवय लागते हे आपण सगळीकडे ऐकतो, त्याला या आकड्यांत आधार नाही. पण मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही विशेष फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. तेव्हा एक दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी ऐंशी मिनिटं बसून भरपाई करू नका. बुडाला तो बुडाला. दुसऱ्या दिवशी चाळीसच. भरपाईचं कर्ज साठत गेलं की माणूस वहीकडे बघायचंच टाळतो.

आता थोडं पुढचं. पहिले पाच-सहा महिने धडे पुरे करण्यात जातील, तेव्हा प्रगती दिसते, कारण रोज नवा नियम येतो. धडे संपले, ६० चा वेग आला, की पुढे एक लांबलचक सपाट रस्ता लागतो. ६० म्हणजे सेकंदाला एक शब्द. ८० म्हणजे तीन सेकंदांत चार. कागदावर किरकोळ वाटतं, हाताला मात्र आठवडेच्या आठवडे जमत नाही. ६८, ७०, परत ६६.

हे शॉर्टहँडवाल्यांचंच दुखणं नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांचा वेग आठवड्यागणिक नोंदवला. तार घेण्याच्या, म्हणजे ऐकून उतरवण्याच्या, वेगाचा आलेख वर चढतो, मग कितीतरी आठवडे आडवाच राहतो, आणि मग पुन्हा चढतो. त्यांचं म्हणणं असं होतं, की त्या आडव्या काळात शिकणारा सुट्या अक्षरांवरून पूर्ण शब्दांवर आणि पुढे वाक्यांशांवर जात असतो. आमच्याकडेही हेच घडतं. ६० ला माणूस शब्द लिहितो. ८० ला "या संदर्भात", "शासनाच्या निदर्शनास आले आहे" असे तुकडेच्या तुकडे एका दमात लिहावे लागतात. हा बदल आतल्या आत होत असतो आणि घड्याळात दिसत नाही.

इथे माणसं दोनपैकी एक करतात. सोडून देतात, किंवा दिवसाला तीन तास बसायला लागतात आणि मग सोडून देतात. वेळ तीच ठेवा, आतलं काम बदला. रोज एक मिनिट ९० चं डिक्टेशन घ्या. निम्मं सुटेल, सुटू द्या, जेवढं हाताला लागेल तेवढं लिहा. मग लगेच ७० चा उतारा घ्या. तो चक्क हळू वाटेल. आणि वाक्यांशांची एक वेगळी यादी करून गाडीतल्या बोटाच्या सरावात तीच चालवा.

एकूण किती महिने? या वेगाने धडे पुरे व्हायला पाच-सहा महिने आणि ८० चा उतारा भरवशाने उतरायला वर्ष-सव्वा वर्ष धरा. ८० वर लघुटंकलेखक, १०० वर लघुलेखक निम्नश्रेणी, १२० वर उच्चश्रेणी. कमाल वयाची अट खुल्या प्रवर्गाला सर्वसाधारणपणे ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, प्रत्येक जाहिरात मात्र वाचून घ्या. म्हणजे तुमच्याकडे घाई करण्याएवढा वेळ कमी नाही. सहा महिन्यांत १०० करून देतो म्हणणारे क्लास ठाण्यात आणि वाशीतही भेटतील. पूर्ण वेळ शिकणाऱ्या, हात तयार असलेल्या पोराचं कदाचित होईलही. तुम्ही त्यांच्या जाहिरातीवर आपलं वेळापत्रक बेतू नका.

क्लास लावायचाच असेल तर आठवड्यातून एकदा शनिवारचा पुरे, रोजचा नको. रोज संध्याकाळी सातचा क्लास म्हणजे पुन्हा घोडबंदर रोडच्या मर्जीवर. शनिवारी शिक्षकाकडून दोन गोष्टी करून घ्या: तुमच्या वहीतल्या रेघांची जाडी तपासून घेणं, आणि माणसाच्या तोंडून डिक्टेशन. मोबाईलवरचा आवाज श्वास घेत नाही, खोकत नाही, शब्द गिळत नाही. चाचणीत डिक्टेशन देणारे हे सगळं करतात.

सुरुवात येत्या सोमवारी करू नका. सोमवारी १८ तारीख आहे, तुम्ही ३बीच्या गडबडीत असाल, आणि पहिल्याच आठवड्यात दोन दिवस बुडतील. या आठवड्यात फक्त सात-सव्वासातला घर सोडून बघा, वही न घेता. बस कधी मिळते, कॅन्टीन किती वाजता उघडतं, सासूबाईंना ते झेपतं का, हे कळू दे. २१ ला, गुरुवारी, पहिला धडा. सोबत दोन एचबी पेन्सिली आणि रेघी वही एवढंच लागेल, महागडं शॉर्टहँड पेन आत्ता घेऊ नका.